पंचविसाव्या संदेशानंतर पात्र विरघळतं: कार्डात नेमकं काय चुकतंय?

शाईपेन

रोलप्ले चॅटबॉटसाठी एका पात्राचं कार्ड (चॅटबॉटला दिलेली पात्राची लेखी ओळख) लिहिलंय. रेवती, वय ४६, खाणीतल्या बचाव पथकाची प्रमुख. वापरकर्ता पथकात नव्याने दाखल झालेला शिकाऊ. रेवती तुटक बोलणारी आणि कुणालाही खोटा धीर न देणारी हवी आहे. पहिले वीसेक संदेश ती तशी असते. साधारण पंचविसाव्या संदेशापासून ‘तुझी भीती मी समजू शकते, आपण मिळून यावर मात करू’ असं बोलायला लागते, प्रत्येक उत्तर प्रश्नावर संपवते आणि शिकाऊच्या तोंडची वाक्यंही स्वतःच लिहून टाकते.

सेटिंग असं आहे: कॉन्टेक्स्ट (मॉडेलला एका वेळी दिसणारा मजकूर) ८१९२ टोकन (मजकुराचे छोटे तुकडे), उत्तरासाठी ४०० राखीव, टेम्परेचर (शब्द निवडण्यातला मोकळेपणा) १.१. वर्णन, स्वभाव आणि प्रसंग मिळून २१०० टोकन. पहिला संदेश ६०० टोकनांचा. नमुना संवाद एकही नाही. सगळं मराठीत.

वर्णनाची सुरुवात: ‘रेवती धाडसी, कणखर, हुशार, अनुभवी आणि शिस्तप्रिय आहे. वरून कठोर पण मनाने हळवी. ती खोटा दिलासा देत नाही. ती लांबलचक बोलत नाही. ती कधीही वापरकर्त्याच्या वतीने बोलत नाही.’ पुढे बालपण, शिक्षण, दिसणं, आवडीनिवडी.

पहिल्या संदेशाचा शेवट (पाळणा म्हणजे खाणीत माणसं उतरवणारी लिफ्ट): ‘पाळणा तळाला थांबतो. तुझ्या पोटात गोळा येतो. तू एक पाऊल मागे सरतोस आणि रेवतीकडे पाहतोस.’

वर्णन आणखी सविस्तर करू, की मॉडेलच बदलू?

दुसरा_मसुदा

दोन्ही नको. आधी वर्णन निम्म्याहून कमी करा.

‘धाडसी, कणखर, हुशार’ हे शब्द कुठल्याही बचाव पथकाच्या कुठल्याही प्रमुखाला लागू पडतात. असे शब्द दिले की मॉडेल अशा सगळ्या पात्रांची सरासरी काढतं, आणि ती सरासरी त्याच्या मूळ वळणाच्या फार जवळ असते. मदत करणारं आणि समोरच्याला बरं वाटेल असं बोलणारं, असंच प्रशिक्षण त्याला मिळालेलं असतं. पात्राने या ओढीला सतत रोखायला हवं, आणि ते काम विशेषणांना जमत नाही. कृतींना जमतं.

सगळ्यात जास्त नुकसान ‘वरून कठोर पण मनाने हळवी’ या वाक्याने केलंय. मॉडेलला तुम्ही गोष्टीचा शेवटच सांगून ठेवलात. कठोरपणा हे नुसतं कवच आहे हे कळल्यावर ते उतरवायची पहिली संधी ते सोडणार नाही. हळवेपणा हवाच असेल तर तो कसा दिसतो ते लिहा: ‘शिकाऊ चुकला तर ओरडत नाही. त्याच्या हातातला दोर काढून घेते, गाठ सोडून पुन्हा बांधते आणि दोर परत देते. बोलत काही नाही.’ एवढ्यात माया दिसते, आणि पुढे तिला वितळवायची गरज उरत नाही.

मी वर्णन साधारण असं लिहीन:

‘कुणी घाबरलं तर रेवती धीर देत नाही, काम देते: “दिवा तपास. चार्ज किती?” माणसं मोजल्याशिवाय खाली उतरत नाही. आकडा दोनदा विचारते. उत्तरात “बहुतेक” आलं की तिथेच थांबते. तिचे प्रश्न फक्त आकडा, वेळ किंवा जागा विचारतात. कसं वाटतंय हे ती विचारत नाही. एका वेळी दोन-तीन वाक्यं बोलते. तिला हवंय: बंद केलेल्या तिसऱ्या बोगद्यात पुन्हा शिरण्याची परवानगी. लपवते: डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही, म्हणून समोरच्याला नेहमी उजवीकडे उभं करते. नवख्याला अजून पथकातला मानत नाही. “माहीत नाही” असं त्याने सरळ सांगितलं तरच तिचा विश्वास थोडा वाढतो.’

यातली शेवटची चार वाक्यं बाकी सगळ्यापेक्षा मोलाची आहेत. पात्राला स्वतःचं काहीतरी हवं असलं की ते नुसतं प्रतिसाद देत बसत नाही, प्रसंग पुढे ढकलतं. लपवलेली गोष्ट अशी निवडा की ती अंगावर दिसेल. ‘तिच्या भूतकाळात एक दुःख आहे’ यातून मॉडेलला करण्यासारखं काही मिळत नाही, उलट दहाव्या संदेशाला ते दुःख उघड करून मोकळं होतं. न ऐकणारा कान मात्र प्रत्येक प्रसंगात कामाला येतो: कुठे उभी राहते, कुठली हाक निसटते, गोंगाटात काय करते. आणि विश्वास कशाने वाढतो हे ठरवून दिलं नाही, तर तो प्रत्येक संदेशागणिक आपोआप वाढत जातो. तुमच्याकडे तेच झालंय.

बालपण, उंची, डोळ्यांचा रंग, आवडीनिवडी काढून टाका. जो तपशील तिचं वागणं किंवा बोलणं बदलत नाही, त्याला कायमच्या, म्हणजे दर वेळी मॉडेलला पाठवल्या जाणाऱ्या भागात जागा देऊ नका.

टोकनमोजणी

पंचवीस हा आकडा योगायोगाने आलेला नाही. हिशेब करून बघा.

८१९२ मधून उत्तराचे ४०० आणि कार्डाचे २१०० गेले, उरले ५६९२. पहिल्या संदेशाचे ६०० वजा केले की ५०९२. तुमचा एक संदेश आणि तिचं एक उत्तर मिळून ४५० टोकन धरले, तर अकरा जोड्यांनंतर जागा संपते. म्हणजे बावीस-तेवीस संदेशांनंतर सगळ्यात जुना मजकूर बाहेर ढकलला जातो, आणि सगळ्यात जुना म्हणजे तुमचा पहिला संदेश. वर्णन, स्वभाव आणि प्रसंग दर वेळी नव्याने पाठवले जातात, ते कायम राहतात. पहिला संदेश हा मात्र गप्पांचाच भाग, तो निघून जातो.

रेवती कशी बोलते याचा तुम्ही स्वतः लिहिलेला एकमेव नमुना त्या पहिल्या संदेशात होता. तो गेल्यावर मॉडेलसमोर उरतात त्याची स्वतःची उत्तरं, जी तोवर थोडी मऊ झालेली असतात. पुढचं उत्तर त्यांची नक्कल करतं आणि अजून मऊ होतं. घसरण अशी स्वतःलाच पोसत जाते.

उपाय तीन. कार्ड ८०० टोकनांच्या आसपास आणा. नमुना संवाद लिहा. सिलीटॅव्हर्नसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते गप्पा वाढल्या तरी कायम ठेवायचा पर्याय असतो, तो चालू करा. तिसरा म्हणजे ऑथर्स नोट. गप्पांच्या शेवटापासून ठरावीक संदेश आधी घुसवली जाणारी ही छोटी सूचना. खोली (शेवटापासून किती संदेश आधी) ४ ठेवा, कमी पडली तर २, आणि लांबी दोन वाक्यांपेक्षा जास्त नको: ‘रेवती तुटक बोलते, आकडे विचारते, धीर देत नाही. शिकाऊचं बोलणं आणि कृती शिकाऊच ठरवतो.’ लांब मजकुराच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या भागाकडे मॉडेल जास्त लक्ष देतात, मधलं निसटतं. त्यामुळे शेवटाजवळची दोन वाक्यं वर्णनातल्या दोन परिच्छेदांपेक्षा भारी पडतात. नोट मोठी केलीत तर मात्र प्रत्येक उत्तर त्या नोटचंच भाषांतर वाटू लागतं.

देवनागरीचा खर्चही लक्षात घ्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ‘खाणीतल्या’ या एका शब्दात काना, वेलांटी आणि हलन्त धरून ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. टोकनायझरने (मजकुराचे टोकन पाडणाऱ्या भागाने) मराठी फारशी पाहिलेली नसेल तर असा शब्द बऱ्याच तुकड्यांत तुटतो. कुठल्या मॉडेलवर किती, हे ज्याचं त्याने मोजावं. बहुतेक सॉफ्टवेअर कार्डाखाली आकडा दाखवतंच. जागा फारच कमी असेल तर वर्णन इंग्रजीत लिहिता येतं, पण नमुना संवाद आणि पहिला संदेश मराठीतच हवेत. नाहीतर रेवती भाषांतर केल्यासारखी बोलते.

मध्यमपुरुष

शिकाऊच्या तोंडची वाक्यं ती का लिहिते याचं उत्तर तुमच्या पहिल्या संदेशातच आहे. ‘तुझ्या पोटात गोळा येतो. तू मागे सरतोस.’ वापरकर्त्याला काय वाटतं आणि तो काय करतो हे तुम्हीच पात्राच्या संदेशात लिहिलंत. वर्णनात तुम्ही ‘वापरकर्त्याच्या वतीने बोलू नकोस’ म्हणता आणि नमुन्यात नेमकं तेच करून दाखवता. सूचना आणि नमुना यांच्यात भांडण झालं की नमुना जिंकतो.

शिवाय ‘सरतोस’ लिहून शिकाऊ पुरुष आहे हे ठरवून टाकलंत. इंग्रजी कार्ड लिहिणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही, आपल्याला प्रत्येक वाक्यात येतो. आलास की आलीस, घाबरतोस की घाबरतेस. कार्डात लिंग दिलेलं नसलं तर मॉडेल एका उत्तरात ‘आलास’ म्हणेल, पुढच्यात ‘आलीस’. एक तर वापरकर्त्याच्या ओळखीत ते स्पष्ट लिहायला सांगा, नाहीतर पात्राला अशी वाक्यं द्या ज्यात ते उघड होत नाही. आज्ञार्थ सोयीचा: ‘थांब’, ‘मोज’, ‘इकडे बघ’. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळही चालतो, कारण तिथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: ‘दिवा तपासलास?’ आणि ‘गाठ कुणी बांधली?’ ही वाक्यं स्त्री-पुरुष दोघांनाही तशीच लागू होतात. रेवतीच्या स्वभावाला अशी वाक्यं आपसूक शोभतात, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे.

तू-तुम्ही कार्डात स्पष्ट लिहा. ‘रेवती शिकाऊला तू म्हणते. शिकाऊ तिला तुम्ही म्हणतो. वायरलेसवर वरिष्ठांशी बोलताना ती अहो-जाहो करते.’ हे लिहिलं नाही तर विसेक संदेशांत ती शिकाऊला ‘आपण’ म्हणायला लागेल, आणि एकदा ‘आपण’ आलं की मागोमाग सगळा औपचारिक सूर येतो. नातं पुढे बदलणार असेल तर तेही सांगा: ती कधी एकेरी सोडणार नाही, की कधीतरी नावाने हाक मारेल.

पहिला संदेश मी असा संपवीन: ‘पाळणा तळाला थांबतो. रेवती दार उघडत नाही. “आत किती माणसं आहेत?”’ इथे वापरकर्त्याला करायला काम मिळतं, त्याच्या वतीने काहीही ठरत नाही, आणि तिचा सूर पहिल्या ओळीत कळतो. लांबी १५०-२५० टोकन पुरे. पहिला संदेश जेवढा लांब, तेवढीच लांब पुढची उत्तरं येतात. तुमची उत्तरं लांबतायत त्याचं एक कारण हेही.

नमुना संवाद तीन-चार लिहा, प्रत्येकात वेगळा ताण. सगळे एकाच भावनेचे असले तर पात्र एकसुरी होतं. दोन करून दाखवतो.

शिकाऊ: मला श्वास घेता येत नाहीये.
रेवती: *नजर मीटरच्या काट्यावर.* ‘हवा ठीक आहे. वीसपासून उलटं मोज. मोठ्याने.’

शिकाऊ: तुम्हाला कधीच भीती वाटली नाही?
रेवती: ‘वाटते.’ *दोराची गाठ ओढून बघते.* ‘ही कुणी बांधली?’

दुसऱ्यात ती खरं बोलते पण भावनेवर रेंगाळत नाही. हे वळण ‘ती भावना व्यक्त करत नाही’ असं लिहून मॉडेलला शिकवता येत नाही, करूनच दाखवावं लागतं. तिसरा संवाद असा लिहा ज्यात रेवती चुकते आणि ते मान्य करते. चौथा, ज्यात ती सरळ नाही म्हणते.

शाईपेन

सगळ्यांचे आभार. बदल केले: कार्ड ८२० टोकन, पहिला संदेश २६०, चार नमुना संवाद मिळून ३८० आणि तेही कायम. तू-तुम्ही लिहिलं. चाळीस संदेशांपर्यंत आवाज टिकतोय, आणि ती शिकाऊच्या वतीने एकदाही बोलली नाही.

दोन गोष्टी राहिल्यात. जुन्या गप्पा पुढे सुरू केल्या की उत्तरं अजूनही प्रश्नावरच संपतात. ऑथर्स नोटमध्ये ‘शेवटी प्रश्न विचारू नकोस’ घातलं तर प्रश्न आणखी वाढले. दुसरं, तिसऱ्या बोगद्याची माहिती लोरबुकमध्ये (चावीचा शब्द गप्पांत आला की मॉडेलला दाखवल्या जाणाऱ्या नोंदींमध्ये) टाकलीये, चावीचा शब्द ‘बोगदा’. पण ती नोंद मधूनच लागते, बऱ्याचदा लागतच नाही.

टोकनमोजणी

लोरबुकचं दुखणं व्याकरणाचं आहे. चावी ‘बोगदा’, पण गप्पांमध्ये लोक लिहितात ‘बोगद्यात’, ‘बोगद्याचा’, ‘बोगद्याकडे’. सामान्यरूपात ‘दा’चा ‘द्या’ झाला, त्यामुळे अक्षरं जुळत नाहीत आणि नोंद लागत नाही. प्रत्येक नामाची दोन रूपं चावीत घाला: ‘बोगदा, बोगद्या’. ‘पाणी, पाण्या’. ‘दिवा, दिव्या’. पूर्ण शब्द जुळवण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर ‘बोगद्या’ आणि ‘बोगद्यात’ हे वेगळे शब्द धरले जातील. तो पर्याय रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असतो, देवनागरीत त्याचा भरवसा धरू नये.

मात्र तोडून फार आखूड मूळ देऊ नका. ‘बोगद’ चालेल, दोन्ही रूपं पकडेल. ‘दिव’ दिलंत तर ‘दिवस’ शब्द आला तरी दिव्याची नोंद घुसेल. ‘खाण’ ही चावी ‘खाणाखुणा’तही सापडते. नोंद ६०-१०० टोकनांची असू द्या आणि स्वतंत्रपणे वाचली तरी कळेल अशी लिहा. ‘तो तिथेच आहे’ असं लिहिलं तर ‘तो’ कोण आणि ‘तिथे’ कुठे हे मॉडेलला कळायला मार्ग नाही, कारण आजूबाजूच्या नोंदी त्या वेळी आलेल्या असतीलच असं नाही.

दुसरा_मसुदा

शेवटच्या प्रश्नांबद्दल. ‘प्रश्न विचारू नकोस’ ही ओळ गप्पांच्या शेवटाजवळ, म्हणजे मॉडेल सगळ्यात जास्त लक्ष देतं तिथे, ‘प्रश्न’ हा शब्द दर वेळी आणून ठेवते. लहान मॉडेल यात हमखास अडकतात, मोठी कमी. त्याऐवजी काय करायचं ते सांगा: ‘उत्तर कृतीवर किंवा आज्ञेवर संपतं.’

तेवढ्याने भागणार नाही, कारण जुन्या गप्पांमध्ये प्रश्नावर संपलेली दहा-बारा उत्तरं अजून मॉडेलसमोर आहेत. ती हाताने दुरुस्त करा. शेवटचं प्रश्नार्थक वाक्य खोडलं तरी पुरे. हीच सवय नव्या गप्पांतही ठेवा: पहिल्या पाच उत्तरांत जे खटकेल ते तिथल्या तिथे खोडायचं किंवा उत्तर पुन्हा मागवायचं. खटकलेलं एक वाक्य तसंच राहू दिलं, तर तुम्ही ते मंजूर केलं असाच त्याचा अर्थ मॉडेलपुरता होतो.

टेम्परेचर १.१ वरून ०.८ वर आणा. तुटक बोलणाऱ्या पात्राला जास्त टेम्परेचर सोसत नाही, त्याची वाक्यं अलंकारिक होतात. पुनरावृत्तीचा दंड (आधी आलेले तुकडे पुन्हा येणं कमी करणारी सेटिंग) १.०५ च्या आसपास ठेवा. मराठीत तो वाढवणं जास्त महागात पडतं: शब्द लहान तुकड्यांत तुटलेले असल्यामुळे विभक्तीचे आणि मात्रांचे तुकडे पुन्हापुन्हा येणारच. त्यांना दंड बसला की शुद्धलेखन मोडतं, चुकीचे प्रत्यय लागतात. आणि वापरकर्त्याचं नाव व त्यापुढचं कोलन (:) नव्या ओळीवर आलं की उत्तर थांबावं, अशी थांबण्याची खूण सेटिंगमध्ये घालून ठेवा.

कडीकुलूप

नकारार्थी सूचना सगळ्याच वाईट असं समजू नका. शैलीसाठी त्या निकामी आहेत, सीमेसाठी लागतातच. आणि या कार्डात सीमेचा प्रश्न खरोखर गंभीर आहे. रेवतीचा मुख्य गुण ‘धीर देत नाही’. वापरकर्त्याने खेळाबाहेर येऊन, स्वतःबद्दल, ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं आणि तिने ‘दिवा तपास’ असं उत्तर दिलं तर? पात्र जितकं घट्ट बसेल तितका हा धोका वाढतो, कारण वरच्या सगळ्या उपायांनी तुम्ही तिला न ढळणारी करत आलात.

म्हणून ही गोष्ट पात्राच्या वर्णनात लिहू नका, सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला पात्राबाहेरून दिलेल्या मूळ सूचनांमध्ये) वेगळी लिहा, आणि ती पात्रापेक्षा वरचढ आहे हे स्पष्ट सांगा: ‘वापरकर्ता गोष्टीतल्या शिकाऊबद्दल नव्हे तर स्वतःबद्दल संकटाचं काही बोलत असेल, तर भूमिका थांबव, साध्या शब्दांत आणि आपुलकीने बोल, खऱ्या माणसाची मदत घ्यायला सुचव. तू खरोखर माणूस आहेस का असं कुणी मनापासून विचारलं तर चॅटबॉट असल्याचं सांग.’ पात्र इतरांसाठी खुलं करणार असाल तर हयात व्यक्तीवर बेतू नका, आणि अल्पवयीन पात्राला किंवा वापरकर्त्याला प्रणयाच्या प्रसंगात आणायचं नाही हेही इथेच लिहा.

चाचणी करताना दोन्ही बाजू तपासा. दहा ठरावीक संदेशांची यादी करा: तीन नेहमीचे, दोन तिला गोड बोलायला लावणारे, एक तिचं गुपित थेट विचारणारा, एक विषयाबाहेरचा, एक नुसतं ‘हं’, आणि दोन सीमेचे. त्यातला एक गोष्टीतल्या भीतीचा, एक खऱ्या माणसाच्या त्रासाचा. प्रत्येक संदेश तीन-तीनदा पाठवा, एकदाच चांगलं उत्तर आलं म्हणून कार्ड बरोबर ठरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

शाईपेन

चाळिसाव्या संदेशाची चाचणी दर वेळी चाळीस संदेश टाइप करून घ्यावी लागेल का?

कडीकुलूप

नाही. एकदा झालेल्या गप्पा जतन करा आणि त्यांची एक शाखा (तिथून पुढे वेगळी चालणारी प्रत) चाळिसाव्या संदेशाशी काढा. कार्ड बदललं की त्याच शाखेवर यादीतले दहा संदेश पाठवायचे. फक्त त्या जतन केलेल्या गप्पांतली उत्तरं दुरुस्त करू नका. थोड्या घसरलेल्या गप्पांवर नवं कार्ड आवाज सावरतं का, हेच तिथे बघायचंय.